क्लचसाठी झालेले माझे दोन तुकडे

मित्रांनो, मोठ्या ट्रॅक्टरांच्या रांगेत मला उभे केले तर तुम्ही मला त्यांच्यातल्या कुणाचे तरी पिल्लू समजाल. तसे नाही. मी पुरता वाढलेला, किंबहुना आता जुना झालेला, लहान चणीचा ट्रॅक्टर आहे. कारखान्यातच मला असा बुटका घडवला, कारण मला जिथे काम करायचे होते तिथे मोठ्याला वळायलाही जागा मिळाली नसती.

ते ठिकाण म्हणजे एक रोपवाटिका. हिरव्या जाळीखाली रोपांचे लांबच लांब वाफे आणि त्यांच्यामधून माझ्या चाकांना जेमतेम पुरेल एवढी वाट. माती, कुंड्या, पाण्याची टाकी, सगळे मीच ओढायचो. थोडे पुढे जायचे, थांबायचे, कुंड्या उतरवून झाल्या की पुन्हा थोडे पुढे. दिवसभर हेच. त्यामुळे माझ्या क्लचला उसंत म्हणून नसे.

क्लच म्हणजे काय ते आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचे नीट कळेल. माझे इंजिन एकदा सुरू झाले की फिरतच राहते. चाकांना मात्र कधी फिरायचे असते, कधी थांबायचे असते. दोघांच्या मध्ये एक तबकडी असते, तिला क्लचप्लेट म्हणतात. ती इंजिनाला घट्ट चिकटली की चाके फिरतात. चालवणाऱ्याने डाव्या पायाने पेडल दाबले की ती सुटते आणि मी जागच्या जागी घरघरत थांबतो. पेडल एकतर पूर्ण दाबावे, नाहीतर पूर्ण सोडावे. नुसता पाय टेकवून ठेवला तर प्लेट धड चिकटत नाही आणि धड सुटतही नाही. ती घासत राहते, तापते आणि झिजून जाते.

हे मला आबांनी शिकवले. म्हणजे ते शिकवत होते त्यांच्या सुनेला, पण ऐकत मीही होतो. आबा रोपवाटिकेचे मालक. गिऱ्हाईकसुद्धा त्यांना आबाच म्हणायचे. त्यांचा मुलगा एका कारखान्यात पाळीवर जायचा, घरी असला तरी निम्मा झोपेत असायचा. तेव्हा रोपवाटिका सांभाळायची ती सासऱ्याने आणि सुनेने. ती लग्न होऊन आली तेव्हा तिला सायकलही येत नव्हती. आबांनी तिला माझ्यावर बसवले आणि आपण शेजारून चालत राहिले.

"क्लच दाबलास की दाबला. सोडलास की पाय खाली, फळीवर. पाय टेकवून बसायला तो पाट नाही," ते म्हणायचे.

ती हसायची, पण ऐकायची. तिचा पाय हलका होता आणि शिस्तीचा होता. आबांचाही तसाच होता, कितीतरी वर्षे. पेडलवर आला की ठाम, गेला की गेला.

मग तो पाय बदलला. कधीपासून ते मला नेमके सांगता येणार नाही, कारण असे बदल एका दिवसात होत नाहीत. आधी तो पेडल सोडायला उशीर करू लागला. मग अर्धवट सोडू लागला. शेवटी तो तिथेच राहू लागला, विसरलेल्या पिशवीसारखा. आबा पुढे बघत चालवत असत, सुनेशी बोलत असत, आणि त्यांचा डावा पाय माझ्या पेडलवर तसाच पडून असे. एकदा तर त्या पायातली चप्पल वाटेत गळून पडली आणि आबा तसेच एक चप्पल घालून घरात गेले. सगळे हसले, आबाही हसले. मला हसू आले नाही. माझ्या पोटात प्लेट जळत होती आणि मला ओरडायला तोंड नव्हते. यंत्राला एकच भाषा येते, बिघडण्याची. तीही लोकांना नीट वाचता येत नाही.

शेवटी मी तीच बोललो. मातीने भरलेली ट्रॉली घेऊन जरा चढाला लागलो, तर इंजिन किंचाळू लागले आणि चाके जागची हलेनात. खालून जळका वास आला. त्या वेळी माझ्यावर सून बसली होती, हे तिचे दुर्दैव.

मला ओढत मिस्त्रीच्या शेडमध्ये नेले. मिस्त्री म्हणजे जाडजूड, मोजके बोलणारा माणूस, सतत फडक्याला हात पुसणारा. त्याने मला सुरू केले, बंद केले आणि मुलाला खर्च सांगितला. मुलाची झोप उडाली.

"एका प्लेटचे एवढे?"

"प्लेटचे नाहीत," मिस्त्री म्हणाला. "प्लेट स्वस्तच असते. ती आहे पार आत. तिथपर्यंत पोचायचे पैसे आहेत हे. मधोमध फोडावा लागतो ट्रॅक्टर. आणि एकदा फोडला की बेअरिंग, सील सगळं बदलून घ्यायचं. नाहीतर पुन्हा फोडायला आणाल."

"एवढ्यात वरची सगळी जाळी नवी झाली असती," मुलगा म्हणाला. पण दुसरा इलाज नव्हता. मी असा बंद उभा राहिलो तर रोपवाटिकाही उभीच राहणार होती.

मित्रांनो, मला फोडले तेव्हाचे काय सांगू? बॉनेट काढले, नळ्या सोडवल्या, तारा सुट्या केल्या, आणि मग मोठे बोल्ट एकेक करून निघाले. माझे पुढचे अर्धे अंग, इंजिन आणि दिव्यांसकट, चाकांच्या घोडीवर ठेवून पुढे सरकवले. मागचे अर्धे, सीट आणि पेडलसकट, लाकडी ठोकळ्यांवर राहिले. मधल्या फटीतून माणूस आरपार चालत जाऊ शकत होता. माझे दिवे उघड्या दाराकडे होते. समोर रस्ता होता, त्यावरून वाहने जात होती, आणि मला एक तसूभरही हलता येत नव्हते. इंजिन असून चाके नाहीत, चाके असून इंजिन नाही. ज्याला कुठे जायचेच नसते त्याला अडकल्याचे काही वाटत नाही. मला रोज जायचे असायचे.

मिस्त्रीने जुनी प्लेट बाहेर काढली. ती काळीनिळी पडली होती, कडेला खिळे उघडे झाले होते. आबा, मुलगा आणि सून तिघेही बघत उभे होते.

"ओझ्याने नाही गेली ही," मिस्त्री म्हणाला. "बेअरिंगही बघा, जळलंय. पेडलवर पाय ठेवून चालवतंय कुणीतरी."

मुलाने बायकोकडे पाहिले. एवढेच, पण ते सगळ्यांना दिसले.

"मी पाय ठेवत नाही," ती म्हणाली.

"आपल्याला कळत नाही गं पाय कधी जातो ते," आबा म्हणाले. रागाने नाही, समजुतीनेच म्हणाले. "हात नवा आहे तुझा. आता काही दिवस राहू दे. दुरुस्त होऊन आला की मीच चालवीन."

 सून माझ्या मागच्या अर्ध्याजवळ गेली आणि सीटवरची धूळ पदराने पुसून निघून गेली. खरे काय ते त्या शेडमध्ये एकट्या मला माहीत होते, आणि मी तर धड एकटाही नव्हतो, दोन तुकडे होतो.

नव्या प्लेटला वेळ लागला. माझ्या मापाचे सामान सहज मिळत नाही, मोठ्या ट्रॅक्टरांचे मिळते. तोवर सून कुंड्या हातगाडीवरून नेत होती. ते मला कळायचे आबांकडून, कारण आबा रोज शेडमध्ये यायचे. घरी त्यांचे मन लागत नसावे. एका उपड्या खोक्यावर बसायचे, मधूनच उठून माझ्याभोवती फेरी मारायचे आणि मिस्त्रीला विचारायचे, "आलं का सामान?" मिस्त्रीचीही शेड माझ्यामुळे अडून बसली होती. दुसरे काम आत घ्यायला जागाच नव्हती. त्या दिवसांत आम्ही सगळेच एकमेकांत अडकलो होतो.

एका दुपारी सून स्वतःच सामान घेऊन आली. दुकानदाराकडे खेपा घालून तिने प्लेट मिळवली होती. आबांनी खोके उघडून प्लेट उलटसुलट बघितली, बेअरिंग बोटावर फिरवून पाहिले आणि खुशीत येऊन, ते कुठे बसणार हे सुनेला दाखवायला माझ्या पुढच्या तुकड्याकडून मागच्या तुकड्याकडे दोनदा फिरले.

"तेल गळतंय का कुठे?" सून म्हणाली.

मिस्त्रीने खाली पाहिले. फरशीवर लालसर ओले डाग होते. तो वाकला, बोट लावले, फडक्याला पुसले आणि पुन्हा पाहिले.

"तेल नाही हे."

डाग एका ओळीत होते. खोक्यापासून माझ्यापर्यंत आणि परत. सगळे एकाच पायाचे. तिघांत फक्त आबा अजून बेअरिंगबद्दल बोलत होते.

"आबा, जरा खाली बसा," सून म्हणाली.

"कशाला?"

"बसा तर."

तिने त्यांच्या डाव्या पायातला कापडी बूट काढला. शेडमधल्या पत्र्याची एक कातरलेली पट्टी बुटाचा तळ चिरून आत गेली होती. पायमोजा भिजून चिकटला होता. आबा आपल्या पायाकडे असे बघत होते, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे आणि चुकून त्यांच्यापाशी राहिला आहे.

"कधी लागलं हे?" त्यांनी विचारले. ते कोण सांगणार?

सुनेने त्यांचा अंगठा चिमटीत धरला आणि नखाने दाबला. चांगलाच दाबला, नख पांढरे पडेपर्यंत.

"इथे कळतंय का?"

"काय?" आबा म्हणाले.

 मिस्त्रीने पाण्याची बादली आणली. सून जखम धूत होती आणि आबा तिच्या डोक्यावरून माझ्या मागच्या तुकड्याकडे बघत होते. तिथे क्लचचे पेडल लोंबत होते. त्यांची नजर तिथून हलेना.

"ती जुनी प्लेट टाकली का रे?" त्यांनी मिस्त्रीला विचारले.

"आहे कोपऱ्यात."

"राहू दे. मला ती बघायची नाही." थोड्या वेळाने ते म्हणाले, "पाय माझाच होता तो. तुला उगाच बोललो मी."

"ते नंतर," सून म्हणाली. "आधी दवाखाना."

दवाखान्यात कळले की रक्तातल्या साखरेने पायाच्या नसा बधिर झाल्या होत्या. जखम अजून काही दिवस कुणाच्या लक्षात आली नसती, तर पाय वाचला नसता. हे मुलगा मिस्त्रीला सांगत असताना मला ऐकू आले. मुलगा पैसे द्यायला आला होता. त्याने या वेळी खर्चाबद्दल एक शब्द काढला नाही. घरी गेल्यावर तो बायकोला काय म्हणाला ते मला ठाऊक नाही. काहीतरी म्हणाला असावा, कारण सुटीच्या दिवशी तो जागा राहून तिच्याबरोबर कुंड्या भरू लागला.

मला जोडले, बोल्ट आवळले, आणि मी घरी आलो. आता मला सूनच चालवते. नवी प्लेट घट्ट धरते, चढावर मी कुरकुरत नाही. मी सुटलो, असे तुम्ही म्हणाल.

एका संध्याकाळी आबा काठी टेकत रोपवाटिकेतल्या माझ्या शेडमध्ये आले. जखम भरली होती. ते हळूच माझ्यावर चढून बसले. किल्ली त्यांच्याजवळ नव्हती, त्यांनी मागितलीही नव्हती. त्यांनी स्टिअरिंगवर हात ठेवले आणि डावा पाय पेडलवर ठेवला. तो नीट बसला की नाही ते पाहायला त्यांना वाकून बघावे लागले. मला त्यांचा पाय कळत होता. त्यांना मी कळत नव्हतो.

ते बराच वेळ तसेच बसले. मग दोन्ही हातांनी गुडघ्याखाली धरून त्यांनी तो पाय उचलला, फळीवर ठेवला आणि उतरून गेले.

मित्रांनो, माझ्यासारख्या मुक्या यंत्राचे मागणे थोडेच असते. वेळेवर तेल घाला, पेडलवरून पाय काढा, वास आला तर थांबा. पण एक मागणे माझ्यासाठी नाही. तुमच्या घरातले एखादे यंत्र जळाले, तर ते कुणी जाळले हे नंतर विचारा. आधी घरातल्या वडीलधाऱ्यांना खाली बसवा, त्यांच्या पायांतली पायताणे काढा आणि पाय हातात घेऊन बघा. त्यांना लागलेले त्यांना कळत असेलच असे नाही, आणि मला ते कळत असले तरी सांगता येत नाही.