माझ्या पोटात कांदे घालू नका

मित्रांनो, आधी नाकावरचा रुमाल काढा, मग बोलू. मी सायखेड्याच्या पुढच्या एका वस्तीवरची गोबरगॅसची टाकी आहे. तशी मी काही फार म्हातारी नाही. तरी सगळे मला "ती जुनी टाकी" म्हणतात आणि ते ऐकलं की माझं पित्त खवळतं.

माझं सगळं अंग जमिनीत आहे. वर दिसतो तो नुसता विटांचा घुमट. वस्तीतल्या लोकांनीच खड्डा खणला, विटा वाहिल्या. एका बाजूला शेण घालायचं माझं तोंड, दुसऱ्या बाजूला खत बाहेर पडायची वाट आणि डोक्यावरून एक नळी थेट शाळेच्या स्वयंपाकघरात. उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांनी सांगितलं, की शेण उघड्यावर कुजलं की त्यातून निघणारा वायू वर जाऊन हवा तापवतो. तोच वायू टाकीत धरून जाळला, तर मुलांचं जेवण शिजतं आणि हवेलाही तेवढा त्रास होत नाही. टाळ्या पडल्या. माझ्या घुमटावर हार चढला. फोटो तर इतके निघाले, की नवरीचेसुद्धा निघत नसतील!

पण मला खरा जीव लावला तो कुसाबाईने. ती शाळेत खिचडी शिजवते. लाकडाच्या धुराने तिचे डोळे कायम लाल असायचे, आणि खोकला तर विचारूच नका. शेगडीवर पहिल्यांदा निळी ज्योत पेटली, तेव्हा ती नुसती बघतच राहिली. "अगं बाई, धूर कुठाय?" असं म्हणून तिने डोळ्याला पदर लावला. त्या दिवशी मला आपण जमिनीत गाडले गेलो याचं काही वाटलं नाही.

नियम अगदी साधा होता. ज्याच्या गोठ्यात जनावर, त्याने रोज पाटीभर शेण पाण्यात कालवून माझ्या तोंडात ओतायचं. सुरुवातीला सगळ्यांना भारी उत्साह होता. मग हळूहळू "आज शेजारचा टाकील" सुरू झालं. म्हशी पाळणारी शहनाज तेवढी कधी चुकली नाही.

आणि मग पावसाळ्यात कांदाचाळीत साठवलेला कांदा सडला. वस्तीतला लहानू ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊन आला आणि सडके कांदे माझ्या तोंडात ओतून मोकळा झाला. वर म्हणतो कसा, "टाकीला सडलेलंच लागतं ना? मग शेण काय अन् कांदा काय!"

झालं! त्याचं बघून सगळी वस्ती लागली रांगेला. बांधावर टाकला तर वास येतो, माझं तोंड आयतं उघडं. मित्रांनो, तुम्ही सकाळ-संध्याकाळ नुसते कांदे खाऊन बघा, म्हणजे कळेल! शेणातले बारीक जीव माझ्या पोटात राहून वायू तयार करतात. एवढ्या कांद्याने पोट आंबलं आणि ते बिचारे मरगळले. ज्योत पिवळी झाली, मग नुसती फुरफुरली, मग तीही गेली.

आणि बोल कुणाला? मला! "टाकीच बोगस हाय," म्हणे. अरे, पण तुम्ही घातलंत काय, ते सांगा की!

कुसाबाईची चूल पुन्हा पेटली. तिचा खोकला मला भिंतीपलीकडून ऐकू यायचा आणि मी इकडे पोट बिघडून पडलेली. हरित सप्ताहात मात्र मला आठवणीने चुना फासला. मुलांच्या हातात 'हवा वाचवा'चे फलक दिले. मागे स्वयंपाकघरातून चुलीचा धूर येत होता, तर फोटोवाला म्हणाला, "जरा सरकून उभे राहा, धूर येतोय फोटोत." कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. मला इतका संताप आला, पण टाकीच्या संतापाला विचारतो कोण?

पुढे ठरलं, की मला बुजवून तिथे ओटा बांधायचा. तेव्हा कुसाबाई बैठकीत उभी राहिली. "पोट बिघडलं म्हणून कुणी माणूस पुरतं का? मला एक डाव बघू द्या."

तिने आणि शहनाजने बादल्या भरभरून माझ्यातला आंबट काला उपसला. काही दिवस मला उपास घडवला, मग ताजं शेण थोडं थोडं घातलं. रोज सकाळी काडी ओढायची, रोज निराशा. माझाही धीर सुटत चालला होता. आणि एका सकाळी फुस्स झालं आणि निळी ज्योत उभी राहिली!

"या अल्ला, पेटली गं कुसाबाई!" शहनाज ओरडली.

दुसऱ्याच दिवशी लहानूने ट्रॉली उलटी घेत घेत माझ्या तोंडाशी आणली. कांदेच! मी मनातल्या मनात रडले. तेवढ्यात कुसाबाई हातातला झारा घेऊन धावत आली, माझ्या तोंडावर फळी टाकली आणि तिच्यावर मांडी घालून बसली.

"मावशी, उठा ना, दोनच पाट्या टाकतो."

"टाक की. आधी माझ्या डोक्यावर टाक."

"लोक हसत्यात, मावशी."

"हसू दे. त्यांला धूर नाय खावा लागत."

लहानू ट्रॉली घेऊन गेला. पण मी त्याला ओळखून आहे, आणि तो काही एकटा नाही. म्हणून कुसाबाई आता शेगडीवर खिचडी चढवते आणि ती शिजेपर्यंत माझ्या तोंडावर येऊन बसते, उन्हातसुद्धा.

मित्रांनो, मला हार नको, चुना तर मुळीच नको. कुसाबाईचे गुडघे दुखतात हो. तिला घटकाभर घरी पाठवा आणि तिच्या जागी तुम्ही येऊन बसा.