गांडुळांची काचपेटी

मित्रांनो, शाळेच्या अडगळीच्या खोलीत, फाटक्या नकाशांखाली दबलेली जुनी काचपेटी म्हणजे मी. आता माझ्यात हवा गेलेले फुटबॉल ठेवतात.

एका काचवाल्याने मोडक्या शोकेसच्या काचा कापून मला तयार केले. तिसरीच्या बाईंनी मला वर्गात खिडकीखाली ठेवले आणि मुलांना विचारले, "अंगणात गळालेली पानं जातात कुठे?" उत्तर मात्र त्यांनी सांगितले नाही. मुलांनीच माझ्यात माती, वाळू, पाने भरली आणि गांडुळे सोडली. गांडुळांना उजेड सोसत नाही, म्हणून मला काळे फडके पांघरले.

त्या वर्गात एक चुळबुळी मुलगी होती. सगळे तिला खारूताई म्हणत. ती फडक्यात डोके घालून तासन् तास माझ्यासमोर बसू लागली.

एकदा ती म्हणाली, "बाई, गांडुळं पान टोकाकडून बिळात ओढतात, देठाकडून नाही. त्यांना कसं कळतं?"

"मलाही माहीत नाही गं," बाई म्हणाल्या. "शोधून काढू या का?"

मग मुलांनी कागदाचे त्रिकोण कापून मातीवर पसरले. गांडुळे ते कोणत्या कोपऱ्याने ओढतात, हे सकाळी पाहायचे ठरले.

पण त्या सकाळी शाळेत विज्ञान प्रदर्शन होते. मुले येण्याआधीच मोठे सर वर्गात डोकावले. "पाहुणे यायचेत. ही माती आधी बाहेर काढा." बाई काही बोलू पाहत होत्या, पण मग बाजूला झाल्या. शिपायाने मला गच्चीवर नेऊन ठेवले. वाऱ्याने फडके उडाले. ऊन चढले, काचा तापल्या, आतली वळवळ हळूहळू थांबली. मला सावलीत सरकता येत नव्हते.

खारूताईला पहिले बक्षीस मिळाल्याचे मी खालच्या भोंग्यावरून ऐकले. वडिलांनी दुकानातून विकत आणलेल्या ज्वालामुखीच्या प्रतिकृतीसाठी. ती मला शोधत वर आली, तिने माती उकरली, पण एकही गांडूळ हलले नाही.

मागून वडील आले. "चल, फोटो काढायचाय. बक्षीस मिळालंय तुला."

"मला नाही, बाबा. दुकानदाराला मिळालंय."

बाईही आल्या. "मी सरांना अडवायला हवं होतं," त्या म्हणाल्या. खारूताई मातीतले कागदी त्रिकोण एकेक करून वेचत राहिली.

पुढे बरेच दिवस मी व्हरांड्यात पडून होते. खारूताई चौथीत गेली, पण वर्गातून तिचा आवाज ऐकू येत नसे. चौथीच्या बाई कौतुकाने म्हणत, "किती शांत मुलगी आहे."

मित्रांनो, एखाद्या खिडकीखाली माती, बी किंवा पाण्याचे भांडे मांडलेले दिसले, तर ते उचलण्याआधी एवढे विचारा, की याच्याकडे कोण डोळे लावून बसले आहे?