बाटल्या धुणारी

सुलक्षणाने घरी केलेली बिअर कौस्तुभच्या ऑफिसच्या पार्टीत हातोहात संपली, आणि तिच्यादेखत तिचा हा नवरा सगळ्यांना म्हणाला, "आपला शनिवार-रविवारचा छंद! सुलू फक्त बाटल्या धुते."

सुलक्षणा हसली. हसली म्हणजे विसरली, असं कौस्तुभला वाटलं. नवऱ्यांना असं वाटतं. सूस गावातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये धुण्याच्या बाल्कनीत बार्ली शिजवायची तिने, उकाड्यात बिअर आंबवायचा ड्रम गार राहावा म्हणून त्याला ओलं गोणपाट गुंडाळायचं तिने, आणि हा नाक दाबून हॉलमध्ये मॅच बघणार! तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता.

पुढच्या खेपेला तिने ओकच्या लाकडाचे तुकडे मागवले. ते व्हिस्कीत मुरवून बिअरमध्ये सोडले की लाकडी पिपात जुनी झाल्यासारखी चव येते. व्हिस्की वाटीभर पुरते, साधीसुधी चालते. सुलक्षणाने शोकेसमधली कौस्तुभची स्कॉच काढली. त्याने स्वतः स्कॉटलंडहून आणलेली, एकदाच उघडून वास घेतलेली, मॅनेजर झाल्यावर प्यायची म्हणून जिवापाड जपलेली. ती अख्खी लोणच्याच्या बरणीत तुकड्यांवर ओतताना तिला जराही वाईट वाटलं नाही. उलट फार बरं वाटलं. मुरल्यावर तिने सगळं ड्रममध्ये घातलं आणि रोज चमचाभर चाखत, चव कडवट व्हायच्या आत लाकूड बाहेर काढलं. रिकाम्या बाटलीत जळक्या साखरेचं पाणी भरलं. रंग अगदी तोच. बाटली पुन्हा जागेवर गेली.

कौस्तुभ मॅनेजर झाला. माले गावाजवळच्या, धरणाकाठच्या एका फार्महाऊसवर त्याने ऑफिसला जेवण दिलं. त्याचे साहेब, दयानंद सर, त्याच बिअरचा घोट घेऊन खूश झाले. "काय घातलंयस रे यात?"

"सिक्रेट आहे, सर," कौस्तुभ ऐटीत म्हणाला.

फार्महाऊस राखणारा एकनाथ बर्फ घेऊन आला होता. तो सुलक्षणाला म्हणाला, "वैनी, सायबांच्या हाताला लई चव हाय बगा."

"तर काय," ती म्हणाली.

मग कौस्तुभने मोठ्या थाटात स्कॉच उघडली. सर एक घोट घेऊन जरा घुटमळले आणि म्हणाले, "स्मूद आहे." बाकीच्यांनीही माना डोलावल्या. कौस्तुभने घोट घेतला मात्र, त्याचा चेहरा पडला. घाईघाईने त्याने बिअर तोंडाला लावली. स्कॉचचा तो ओळखीचा वास तिथे होता.

"सुलू! माझी स्कॉच तू बिअरमध्ये घातलीस?" तो ओरडलाच.

सरांनी ग्लास खाली ठेवला. "म्हणजे बिअर वहिनी करतात?"

कौस्तुभ धरणाच्या पाण्याकडे बघायला लागला.

"छे हो, सर," सुलक्षणा गोड आवाजात म्हणाली. "मी फक्त बाटल्या धुते. ही त्याची स्कॉचची बाटलीसुद्धा मीच धुतली."