चार नियम आणि एक रिकामा डबा

वन्संनी दोन वर्षं खपून साडेतीन हजार लेबलं हाताने शिवली होती. ती उसवून टाका, हे सांगायला कॉम्प्युटरवाल्याला दोन मिनिटंही लागली नाहीत.

आमचं दुकान नाटकाचे कपडे भाड्याने देण्याचं. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची मोठी बहीण. दुकान मुळात त्यांचं, मी मागाहून आले. प्रत्येक कपड्याच्या आत, मानेपाशी, बारकोड छापलेली कापडी फीत आणि तिला चारी बाजूंनी मोहरीएवढे टाके. शिवणयंत्र वापरायचं नाही. यंत्राचा टाका टोचतो, आणि राजा दरबारात मान खाजवायला लागला तर नाटकाचं काय राहिलं, असं त्यांचं म्हणणं.

जुना कॉम्प्युटर गेला आणि त्याच्याबरोबर जुना प्रोग्रामही. लेबलावरच्या पहिल्या आकड्यावरून कपडा कुठल्या विभागातला ते ठरतं. वन्संच्या हिशेबाने पुरुषांचे कपडे एक, बायकांचे दोन, मुलांचे तीन. मग आडवी रेघ आणि कपड्याचा नंबर. नव्या प्रोग्रामात मात्र मुलं एक, पुरुष दोन, बायका तीन, आणि ते बदलायची सोय नाही. त्यामुळे सेनापतीची वर्दी मुलांत दिसत होती आणि परीचा झगा पुरुषांत.

"सोपं आहे मावशी," कॉम्प्युटरवाला म्हणाला. "जुनी काढा, नवी चिकटवा. मी छापून देतो. संध्याकाळी पाचला येतो, तेव्हा सांगा."

"मावशी कोणाला म्हणतोस रे? तुझ्यापेक्षा माझ्या डोक्यावर केस जास्त आहेत."

तो गेल्यावर वन्संनी खणातून धागे कापायची छोटी कात्री काढून टेबलावर ठेवली. "काढू या की. लेबलंच ती," त्या म्हणाल्या, आणि कपाटातले डबे आवरायला लागल्या. वन्संना वाईट वाटलं की त्या डबे आवरतात.

मला ठाऊक होतं ते एवढंच, की एकदा उसवली की ती पुन्हा त्यांच्या हातून शिवली जाणार नाहीत. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना सुई ओवता येत नव्हती, आणि कोणाला ओवून दे म्हणणं त्यांच्या रक्तात नव्हतं. नवे आलेले बारा कपडे कोपऱ्यात तसेच पडून होते, बिनलेबलाचे. विचारलं की म्हणायच्या, "सवडीने करू."

मी बारकोड वाचणाऱ्या रीडरच्या खोक्यातली पुस्तिका काढली. अशा पुस्तिका कोणी वाचत नाही म्हणूनच मी वाचते. दुकानातलं इस्त्रीयंत्र मी असंच दुरुस्त केलंय. छपन्नाव्या पानावर ते होतं: रीडर वाचलेला मजकूर कॉम्प्युटरला पाठवायच्या आधी बदलू शकतो. 'हे दिसलं तर त्याजागी ते पाठव', असे नियम लावून ठेवायचे. नियम टाकायचेही रीडरनेच. पुस्तिकेत प्रत्येक अक्षराचा, आकड्याचा बारकोड छापलेला. ते एकामागून एक वाचत जायचं. बरोबर असेल तर दोनदा टुक टुक, चुकलं तर एक लांब भसाडा आवाज.

"काय म्हशीसारखं रेकतंय ते?" कपाटातून वन्सं.

"शिकतंय."

"ते शिकतंय की तू?"

शेवटी तीन नियम बसले. 'एक रेघ'चं 'दोन रेघ' कर. 'दोन रेघ'चं 'तीन रेघ' कर. 'तीन रेघ'चं 'एक रेघ' कर. मी ऐटीत सेनापतीची वर्दी वाचली. मुलांचे कपडे. परीचा झगा: मुलांचे कपडे. चेटकीण, न्यायाधीश, ससा, सगळे मुलांचे.

वन्सं मागे येऊन उभ्या राहिल्या. "म्हणजे माझा सेनापती अजून बालवाडीतच."

"आणि आता न्यायाधीशही त्याच्या शेजारी बसलाय."

त्या हसल्या नाहीत. कात्रीकडे एकदा बघून परत कपाटाकडे गेल्या. मी पुस्तिका पहिल्यापासून वाचायला घेतली. तीन वाजून गेले होते. कुठे माती खाल्ली तेच कळेना.

"तो रिकामा डबा दे इकडे," वन्सं म्हणाल्या. त्यांच्या पुढ्यात दोन डबे होते. मोठ्यात मूठभर हुक, लहानात उतू जाणारी बटणं.

"कशाला? यातलं त्यात ओता ना."

"हुकांवर बटणं ओतू? मग संध्याकाळपर्यंत निवडत बस तू. आधी हुक बाहेर काढून ठेवायचे, मग बटणं मोठ्यात, मग हुक लहानात. इतकी वर्षं संसार केलास तो कसा ग?"

मी डबा हातात धरून तशीच उभी राहिले. माझी हुक-बटणं अशीच एकत्र झाली होती. रीडर नियम वरून खाली, एकापाठोपाठ एक लावत होता. एकाचे दोन झाले की तेच दोन पुढच्या नियमात तीन होत होते, आणि तिनाचं परत एक. सगळी वरात शेवटी मुलांच्या दारात.

"वन्सं, तुमचे पाय कुठे आहेत?"

"जागेवर. डबा दे."

जुने नियम पुसले. रिकाम्या डब्याच्या जागी मी चांदणीचं चिन्ह घेतलं, कारण ते आमच्या एकाही लेबलावर नाही. एकाची चांदणी. मग तिनाचं एक. मग दोनाचं तीन. आणि सगळ्यात शेवटी चांदणीचं दोन. प्रत्येक वेळी टुक टुक.

सेनापतीची वर्दी: पुरुषांचे कपडे. परी: बायकांचे. ससा: मुलांचे.

वन्संनी माझ्या हातातून रीडर काढूनच घेतला. मग त्यांना आवरणं शक्य नव्हतं. रॅकमधून फिरत एकेका कॉलरशी वाकून, "दरोडेखोर. राणी. हा पोस्टमन, याचं बटण तुटलंय. चेटकीण, ये बाई, तू पण ये," असं चाललं होतं. मी कॉम्प्युटरच्या पडद्यावर बघून होकार देत होते. सिंहापाशी मात्र थांबले. मोठी आयाळ, रुंद खांदे, आणि पडद्यावर: बायकांचे कपडे.

"थांबा. काहीतरी चुकलंय. सिंह बायकांत आलाय."

"मग?"

"मग काय? नियम फसला कुठेतरी. इथे एक फसला तर बाकीचे किती..."

"काही फसलेलं नाही." वन्संनी आयाळीवरून हात फिरवला. "तो मी घालायचे. दुकान काढायच्या आधी. सात वर्षं, एकशे चाळीस प्रयोग. सिंह आमच्या संचात पुरुषांना कधी जमलाच नाही. ओरडायला लागले की खोकायचे. लेबल शिवताना त्याला बायकांतच घातला मी."

"आणि मला आज सांगताय?"

"तू आज विचारलंस."

बरोबर पाचला कॉम्प्युटरवाला कागदांचं भेंडोळं घेऊन आत आला, आणि समोर सिंह बघून दारातच उभा राहिला. आयाळीखाली चष्मा होता आणि पंजात बारकोड रीडर. मी खुर्चीत पोट धरून बसले होते, त्यामुळे माझा काही उपयोग नव्हता.

"मावशी...?" तो म्हणाला.

सिंह त्याच्याभोवती एक चक्कर मारून मागे गेला. त्याच्या शर्टाची कॉलर उलटून पाहिली.

"याला लेबलच नाही," वन्सं म्हणाल्या. मग कोपऱ्यातल्या त्या बारा कपड्यांकडे पाहिलं, आणि पंजे काढत काढत माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "अगं, ती सुई जरा ओवून दे बघू."