अंगाईबाईची सुट्टी

इस्पितळात तिला सगळे अंगाईबाई म्हणायचे आणि तिला ते मनापासून आवडायचं. ती भूल देणारी डॉक्टर. मोठ्यांना काय, कुणीही झोपवेल. पण ऑपरेशनच्या खोलीच्या दारात हातपाय झाडणारं एवढंसं पोर आईला सोडून मुकाट्यानं हिच्याकडे यायचं, अशी हिची ख्याती. तिचा एक नियम होता. मुलाला फसवायचं नाही. मास्क आधी त्याच्या हातात द्यायचा, आता तुला झोप येणार, उठलास की आई इथेच असणार, हे स्पष्ट सांगायचं. एखाद्या नर्सनं "वास घेऊन बघ, किती छान आहे" म्हणून पोराला गुंडाळलं की त्या नर्सची मग धडगत नसे.

आणि अशा या बाईची स्वतःची मुलगी काही केल्या तिच्याकडे झोपत नव्हती.

मुलगी तीन वर्षांची, सगळे तिला बबडी म्हणत. तिचा भाऊ सात वर्षांचा, तो घरातला दादा. दोघांना सांभाळायला बबडीच्या जन्मापासून एक मावशी होत्या. बबडीला खायला मावशी, न्हायला मावशी, झोपायला मावशी. बापाकडे तरी ती कुठे झोपत होती? पण त्याला कुणी ते विचारत नव्हतं, आणि त्यालाही त्याचं काही वाटत नव्हतं. बापांचं बरं असतं.

मध्यंतरी बबडीला ताप आला. आई हातातलं काम दुसऱ्याच्या गळ्यात घालून धावत घरी आली, पोरीला उचललं, तर पोरीनं तिच्या खांद्यावरून हात लांब केले ते मागे उभ्या असलेल्या मावशींकडे. मावशी बिचाऱ्या ओशाळल्या. तापात कळत नाही हो ताई, म्हणाल्या. अंगाईबाई हसली, न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून पोटभर रडली.

त्यानंतर तिनं परदेशी सहलीचा घाट घातला. नवरा म्हणाला, मावशींनाही घेऊ, आपल्यालाही जरा पाठ टेकता येईल. ती भडकलीच. माझी मुलं मला सांभाळता येतात, म्हणाली. आपण चौघंच जायचं. मनातला हिशेब तिनं कुणाला सांगितला नाही, पण तो सरळ होता. परक्या देशात मावशी नाहीत, आजी नाही, ओळखीचं कुत्रंसुद्धा नाही. मग पोर कुणाकडे येईल? येईल ना झक मारत आईकडे! एकदा माझ्या कुशीत झोपायची सवय लागली की झालं, असं तिला वाटत होतं. मुलगी परत मिळवायला निघाली होती ती. बाकी समुद्र, किल्ले, प्राणिसंग्रहालय हे सगळं वरवरचं.

विमानात बबडीनं जो टाहो फोडला, तो काही विचारू नका. "मावशी पाहिजे" एवढं एकच पालुपद. पुढच्या रांगेतले लोक वळून बघायला लागले. नवऱ्यानं कानात बोळे घातले. अंगाईबाईची गोष्ट सांगून झाली, खिडकी दाखवून झाली, कडेवर घेऊन येरझाऱ्या झाल्या. शेवटी तिनं पर्समधली बाटली काढली. सर्दीचं साधं औषध, घरोघरी असतं तसलं, ज्यानं सर्दी थांबते थोडी आणि झोप येते फार. हेच औषध प्रवासात पोरांना पाजणाऱ्या आयांना तिनं आजवर चांगलं फैलावर घेतलं होतं. पण आज सगळं विमान तिच्याकडे बघत होतं. तिनं पोरीच्या वजनाप्रमाणे नीट मोजून घेतलं आणि संत्र्याच्या रसात मिसळलं. सांगायचं वगैरे राहूनच गेलं. बबडी तिच्या मांडीवर झोपली. मऊ, गरम, जड. पलीकडची बाई कौतुकानं म्हणाली, आईकडे कशी शांत झोपली बघा. अंगाईबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं का होईना, पण पोरीचं डोकं तिच्या मांडीवर होतं.

एकदाच, असं तिनं स्वतःला बजावलं होतं. पण तिथे पोचल्यावर दुसऱ्या दिवशी किल्ल्याच्या पायऱ्यांवर बबडीनं पुन्हा तोच सूर लावला. नवरा म्हणाला, बघ बाई, तूच म्हणालीस मी सांभाळीन. झालं. रस, चमचा, आणि बाबागाडीत झोपलेली पोर. मग बोटीच्या दिवशी. मग प्राणिसंग्रहालयाच्या दिवशी. त्या दिवसाचं तर बबडीला कोण कौतुक! हत्ती बघायचा, हत्ती बघायचा म्हणून ती सकाळपासून नाचत होती, आणि तिकिटाच्या रांगेत उकाड्यानं कंटाळून जमिनीवर लोळण घेतली. आईनं रस दिला. जाग आली तेव्हा हॉटेलच्या खोलीतला पंखा फिरत होता आणि दादा तिला सांगत होता की हत्तीनं सोंडेनं पाणी उडवलं. बबडी आधी म्हणाली, "खोटं!" मग दादानं फोनमधला फोटो दाखवला. ती रडली नाही. कधी नाही ते रडली नाही, नुसती टेबलावरच्या रिकाम्या पेल्याकडे बघत राहिली.

संध्याकाळी घरून सासूबाईंचा फोन आला. नवऱ्यानं फोनवर बायकोची तारीफ केली, आई, बबडी आता हिच्याकडे गाढ झोपते. सासूबाई गहिवरल्या. "मी म्हणत होते ना, आईची सर कुणाला येते का?" अंगाईबाईनं ती शाबासकी मुकाट्यानं पदरात घेतली. मागे मावशींचा आवाज ऐकू येत होता. त्या विचारत होत्या, बबडी माझी आठवण काढते का? अंगाईबाई म्हणाली, नाही हो, अजिबात नाही, आणि फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी बबडीनं दूध घेतलं नाही. पोट भरलं असेल म्हणून सोडलं. मग रस नको, खीर नको, आईनं भरवलेला भातही नको. बापाच्या ताटातलं खाल्लं, दादाच्या हातचं बिस्किट खाल्लं. आईचा हात पुढे आला की ओठ घट्ट मिटायचे. अंगाईबाईनं लाडीगोडी लावली, मग दटावलं. शेवटी तिनं दादाला बाजूला घेऊन विचारलं, काय झालंय रे हिला?

दादा खेळण्यातली गाडी चालवत होता. मान वर न करता म्हणाला, "तुझ्या हातचं खाल्लं की ती झोपते आणि सगळं संपून जातं. म्हणून नको म्हणते."

औषधाची बाटली तिनं तिथल्या तिथे मोरीत रिकामी केली. नवऱ्याला सांगावं असं वाटलं, पण कुठल्या तोंडानं सांगणार? तो तर अजून चारचौघांत बायकोचं कौतुक करत होता. पोरीला जवळ घेऊन ती म्हणाली, आई चुकली, आता कधी नाही देणार. बबडीनं ऐकून घेतलं. तीन वर्षांच्या मुलीला शब्द समजतात, पण त्या मुलीचा आता शब्दांवर विश्वास नव्हता. आणि त्यात तिचं काय चुकलं?

परतीच्या दिवशी विमानतळावर गर्दी आणि उकाडा. नवरा दादाला घेऊन सामानाच्या लांबलचक रांगेत उभा होता. या दोघी बाकावर. बबडीचे ओठ सुकले होते. निघायच्या धावपळीत बापाच्या हातून पाणी द्यायचं राहून गेलं होतं, आणि आईच्या हातचं पोरीनं सकाळपासून घोटभरसुद्धा घेतलं नव्हतं. पाणी, पाणी असं ती म्हणत होती, पण आईकडे बघून नाही, कुणाकडेच बघून नाही. अंगाईबाईनं दुकानातून नवीकोरी बाटली आणली, तिच्यासमोर झाकण फोडलं. बबडीनं मान हलवली.

"नुसतं पाणी आहे, राणी. हे बघ, मी पिते."

तिनं बाटली तोंडाला लावली, अर्धी संपवली, आणि पुढे केली. बबडीनं बाटली घेतली नाही. ती बाकावरून उतरली, आईच्या अगदी गुडघ्याशी येऊन उभी राहिली आणि मान वर करून तिच्या डोळ्यांकडे टक लावून बघायला लागली. सगळ्या सहलीत ती स्वतःहून आईच्या इतकी जवळ आली नव्हती. अंगाईबाईला क्षणभर वाटलं, आता ही मिठी मारणार.

"काय बघतेस गं?"

"तू झोपतेस का ते," बबडी म्हणाली.

अंगाईबाई जागच्या जागी ताठ झाली. कितीतरी दिवसांत तिला धड झोप नव्हती, पापण्या मणामणाच्या झाल्या होत्या. बाटली तिच्या हातात तशीच होती आणि पोर तहानलेली समोर उभी होती. तिनं डोळे मोठे केले आणि तसेच उघडे ठेवले. पापणी मिटायची तिला भीती वाटत होती.