भाईदासची लाल रेघ

धुळ्याच्या त्या तेल कारखान्यात एकोणीस वर्षं एकच प्रश्न ऐकू यायचा, "भाईदासभाऊ, कोणतं पॅकिंग घालू?" व्हॉल्व्हच्या दांड्याभोवती दोरीसारखं गुंडाळतात ते हे पॅकिंग. ते चुकलं की आतलं तेल बाहेर. फिटर भाईदास जुनी दोरी बोटांत चुरडायचा, हुंगायचा आणि निकाल द्यायचा. नट आवळून झाले की त्यांवर लाल रंगाची रेघ ओढायचा. ती रेघ दिसली की साहेबसुद्धा त्या नटाला हात लावत नसत.

मग जळगावजवळच्या असोद्याची मोहिनी इंजिनिअर म्हणून आली. ती काही हुंगायची नाही. तापमान विचारायची, दाब विचारायची आणि कागदावर लिहून द्यायची. महिनाभरात मॅनेजर हेमराजसाहेब म्हणू लागले, "मोहिनीताईंना विचारा." चहासुद्धा आधी तिच्याकडे जाऊ लागला. भाईदासचा नुसता जळफळाट व्हायचा. पोरगी हुशार होती, हेच तर दुखणं होतं. मठ्ठ असती तर त्यानं तिला लेकीसारखं सांभाळलं असतं.

गरम तेलाच्या लाइनवरच्या व्हॉल्व्हला तिनं ग्राफाइटचं पॅकिंग लिहून दिलं. भाईदासच्या मनातही ग्राफाइटच होतं, पण त्याला विचारतं कोण?

"नट बेतानं आवळा हं भाऊ, नाहीतर दांडा अडकेल," ती म्हणाली.

हे ती त्याला शिकवत होती! त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानं मुद्दाम प्रत्येक नट अर्धा फेरा जास्त आवळला आणि वर रेघ ओढून मोकळा झाला.

दुसऱ्या दिवशी व्हॉल्व्ह झटके देत चालू लागला. साहेब भडकले. "ताई, हेच का तुमचं ग्राफाइट?" भाईदासला आतून गुदगुल्या झाल्या.

मोहिनीनं वाकून नट पाहिले. "आवळण्यात चूक नाही, भाऊंची रेघ आहे," ती म्हणाली. "म्हणजे माझीच निवड चुकली. कागदावर तेल दोनशे वीस अंशांचं आहे, गुळगुळीत टेफ्लॉनही चालून जाईल. तेच घालू."

कागदावर असेल दोनशे वीस. दिवाळीच्या घाईत हीच लाइन दोनशे सत्तरला जाते, हे भाईदासइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. तिथं टेफ्लॉन मऊ पडणार, तेल उसळणार, आणि ऑपरेटर वना त्या व्हॉल्व्हपाशी आठ तास उभा असतो. आणि ही खुळी पोर त्याच्या रेघेवर विश्वास ठेवून स्वतःला खोटं पाडून घेत होती.

"पॅकिंग बराबर शे," तो म्हणाला. "नट मीच जास्ती आवळेल शेतस. जाणूनबुजून."

साहेब त्याच्याकडे बघतच राहिले. मोहिनीनं खाली पडलेला पाना उचलून त्याच्या हातात दिला आणि दांड्यावर नजर ठेवून उभी राहिली.

भाईदासनं पाना नटाला लावला. एकोणीस वर्षांत त्यानं कुणाला विचारलं नव्हतं, ते त्यानं विचारलं.

"कितला ढिला करू, ताई?"