सहदेवचा डावा पाय

मी एक जुना कृत्रिम पाय आहे, मित्रांनो. ठाण्यातल्या एका कार्यशाळेत बाबुराव नावाच्या कारागिराने मला घडवलं. सहदेवच्या उरलेल्या मांडीचा प्लॅस्टरचा साचा घेऊन त्याने माझी खोबण बनवली, खाली गुडघ्याचा सांधा आणि रबरी पाऊल जोडलं. सहदेव पहिल्यांदा माझ्यावर उभा राहिला तेव्हा बाबुराव म्हणाला, "फुलपँट घातलीस तर कुणाला कळणारही नाही रे!" सहदेवला तेच हवं होतं.

कोलशेतच्या एका कारखान्याच्या गेटवर तो माझ्या जिवावर कितीतरी वर्षं उभा राहिला. टिटवाळ्यात त्याने संसार मांडला. पाय कसा गेला, असं कुणी विचारलं की एकच उत्तर, "ठाकुर्लीजवळ गाडीखाली आलो." मांडीवरच्या काळ्या डागांबद्दल बायकोने, शालनने, विचारलं तेव्हा म्हणाला, "रुळांवरची खडी रुतलेली."

खरं काय ते मला माहीत होतं. मला काढून ठेवलं की तो त्या डागांवरून बोट फिरवत स्वतःशीच पुटपुटायचा. त्याच्या गावाजवळ सैन्याच्या सरावाचं मैदान होतं. एकदा शेळ्या परत आणताना गवतात पडून राहिलेला तोफेचा गोळा त्याच्या पायाशी फुटला. डॉक्टरांनी पाय कापला, पण लोखंडाचे काही तुकडे मांडीत आतच राहिले. गावात बोभाटा झाला, "गोळ्यांचं पितळ भंगारात विकायला चोरत असणार." त्याच्या आईला, रखमाबाईला, पाणवठ्यावर टोमणे ऐकावे लागले. सहदेवने गाव सोडलं आणि खरी गोष्टही तिथेच टाकली.

गेल्या वर्षी मांडीत कळा सुरू झाल्या. कल्याणच्या हॉस्पिटलात त्याने पुन्हा गाडीचंच सांगितलं. प्रत्येक दुखापतीच्या कारणाला तिथे एक ठरावीक कोड असतो. नोंदणी करणाऱ्या प्रीती मॅडमनी कॉम्प्युटरवर रेल्वे अपघाताचा कोड टाकला. डॉक्टरांनी तो वाचून एमआरआय सांगितला.

त्या मशीनमध्ये भलंमोठं चुंबक असतं, म्हणून मला काढून शालनच्या हातात दिलं. दारातच टेक्निशियनने विचारलं, "अंगात कुठे स्क्रू, लोखंड, छर्रे? नीट आठवा. आतलं लोखंड हललं तर जिवावर बेतेल."

सहदेवने शालनकडे पाहिलं आणि म्हणाला, "नाही."

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. स्ट्रेचर आत वळू लागलं.

"थांबा!" सहदेवने दाराची चौकट घट्ट धरली होती. "आहेत. आत तुकडे आहेत. गाडी नव्हतीच ती. तोफेचा गोळा होता." मग कुणाकडेच न बघता म्हणाला, "पण मी चोरी करत नव्हतो."

शालनचे हात माझ्यावर आवळले गेले. "गाडीत चढताना दरवेळी तुमचा हात धरते मी," ती म्हणाली. "माझा जीव अर्धा होतो हो. तेव्हाही नाही सांगितलंत?"

सहदेवने चेहरा कोपराआड लपवला. गावाने माथी मारलेली लाज खोटी होती. ही मात्र त्याची स्वतःची होती.

एमआरआय रद्द झाला. एक्स-रेमध्ये पांढरे ठिपके दिसले. एक तुकडा नसेला टेकला होता, तो ऑपरेशन करून काढला. नोंद दुरुस्त करायला प्रीती मॅडम खाटेपाशी आल्या. "सैन्याच्या स्फोटात जखमी झालेला नागरिक. याला वेगळा कोड आहे, सहदेवभाऊ."

"वेगळा? म्हणजे माझ्यासारखे आणखी आहेत?"

"आहेत म्हणून तर कोड आहे."



ऑपरेशननंतर मांडीचा आकार बदलला आणि मी बसेनासा झालो. आता मी कपाटावर असतो. परवा कारखान्यातला प्रशांत भेटायला आला होता. सहदेवने अडखळत, फरशीकडे बघत त्याला खरं ते सांगितलं. प्रशांत चटकन म्हणाला, "पण तू तिकडे गेलेलास कशाला?"

शालन चहाचे कप ठेवत म्हणाली, "शेळ्या आणायला."

मित्रांनो, जखमी माणूस भेटला तर आधी विचारा, दुखतंय का? 'तिकडे गेलास कशाला?' हे घाईने विचारू नका. त्या प्रश्नाला भिऊन एक भला माणूस मरणाच्या दारात 'नाही' म्हणाला होता.